हाडांचा हौद

"दुखतं कुठे?" हा वैद्यकातला सर्वांत साधा प्रश्न असावा. मला त्याचे उत्तर सहा आठवडे देता आले नाही. मी मराठी घेऊन एम. ए. केलेली, नाशिकच्या एका महाविद्यालयात काही वर्षे कविता शिकवलेली बाई. मावळत्या उजेडाच्या चार छटांना चार वेगळी विशेषणे देणे मला कधी जड गेले नाही. परंतु ओटीपोटाच्या तळाशी, दोन्ही बाजूंची हाडे जिथे समोरासमोर येऊन भेटतात, तिथे जे उसवत होते, त्या जागेला चारचौघांत उच्चारता येईल असे एकही नाव माझ्यापाशी नव्हते. म्हणून मी म्हणत राहिले, "कंबर."

हे लिहिते आहे ते अशा बायकांसाठी, ज्यांना बाळंतपणानंतर अंथरुणात कूस बदलताना खाली काहीतरी सरकल्यासारखे वाटते आणि घरातले प्रेमाने सांगतात, होईल बरे, कंबर धरली असेल. मी डॉक्टर नाही. मला एवढेच ठाऊक आहे की मला माझ्या धाकट्या मुलीला कडेवर घेऊन चालायचे होते, आणि नऊ महिने ते मला करता आले नाही.

एक बारीक आवाज

ओवीचा जन्म मे महिन्यातला, कुवेतमधला; नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही इथे राहतो. कळा फार वेळ चालल्या. शेवटच्या तासाभरात दोन परिचारिकांनी माझे गुडघे दोन बाजूंना धरून ठेवले होते. खोलीत जंतुनाशकाचा उग्र, गोडसर वास होता आणि डोक्यावरच्या एसीतून थेंबाथेंबाने पाणी गळत होते. ओवीचे डोके बाहेर येण्याच्या अगदी आधी मला माझ्या आतून एक आवाज ऐकू आला. मटारची कोवळी शेंग मोडताना होतो तेवढाच, बारीक, ओलसर. तो दुसऱ्या कुणालाही ऐकू आला नाही. पुढच्या क्षणी ओवी रडली, सगळे हसले, आणि मीही तो आवाज विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात जायला उठले, तर डावा पाय उचलेना. तो लुळा नव्हता. बोटे हलत होती, स्पर्श कळत होता. फक्त उचल म्हटले की मांडीच्या मुळाशी कापड फाटावे तसे काहीतरी टरकत जाई. मी पाय घासत, भिंतीला धरून गेले.

डॉक्टरांची फेरी आली तेव्हा माझा नवरा श्रीरंग बाळाच्या जन्माच्या कागदांसाठी खाली गेला होता. माझ्याजवळ फरीदाभाभी होत्या. महबूल्यातल्या आमच्या इमारतीत त्यांचे दार आमच्या दारासमोर उघडते. मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. नवऱ्याचे फहाहीलला वाणसामानाचे दुकान. तीस वर्षे कुवेतमध्ये काढलेली ही बाई आमच्या मजल्याची दुभाषी आहे. घरमालकाचा हारीस, म्हणजे रखवालदार, आला की भाभी, बताक्याच्या, म्हणजे ओळखपत्राच्या, कचेरीतून फोन आला की भाभी.

डॉक्टरांनी माझ्या पोटावर हात ठेवला, खाली थोडे दाबले, मी कळवळले. मग परिचारिकेशी त्या अरबीत भराभर काही बोलल्या. त्यात एक शब्द दोनदा आला. मग माझ्याकडे पाहून इंग्रजीत "रेस्ट, मदाम" एवढेच म्हणून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

"भाभी, काय म्हणाल्या?"

"हौद हौद म्हनते ती," भाभी म्हणाल्या. "हौद म्हंजे टब गो बाय. गरम पान्यात बस म्हनून सांगते. बाळंतिणीला शेक नको काय?"

त्यात शंका घ्यावी असे काहीच नव्हते. माझ्या आईनेही हेच सांगितले असते.

टब

कुवेतमध्ये मे उजाडला की नळाचे गार पाणी गार राहत नाही. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात आणि दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. उन्हाळ्यात इथले लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यातच साठून निवलेले पाणी अंघोळीला घेतात. मला मात्र शेकायला नळाचे ते तापलेले पाणीच पुरे, वेगळे तापवावे लागले नाही. रोज अकराच्या सुमारास भाभी येत, ओवीला खांद्यावर टाकत, आणि मी न्हाणीघराचे दार लावून टबात उतरे.

पाण्यात बसल्यावर बरे वाटे, हे खरे आहे. वजन नाहीसे होई. पाण्याला गच्चीवरच्या प्लास्टिकचा किंचित वास असे. बाहेरच्या खोलीतून भाभींचे गुणगुणणे येई. पण टबातून बाहेर निघायचे म्हणजे एक पाय त्या उंच कडेवरून पलीकडे टाकायचा. शरीराचा सगळा भार एका पायावर, दुसरा पाय हवेत, मांड्या फाकलेल्या. तो एक क्षण मी टॉवेल दातांत धरून काढत असे. पुढे कळले की माझ्या दुखण्याला याहून वाईट हालचाल मुद्दाम शोधूनही सापडली नसती. मी ती रोज औषध म्हणून केली, सहा आठवडे.

दुखणे वाढत गेले. कूस बदलायला पाच मिनिटे लागू लागली. सलवार घालताना एका पायावर उभे राहवेना. घरातल्या घरात भिंती धरून चालताना पावले बदकासारखी पडत. माझी मोठी मुलगी रेवा नऊ वर्षांची आहे. आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. तिने मला स्वयंपाकघरात येताना पाहिले आणि म्हणाली, "आई, यू वॉक लाइक अ पेंग्विन." मग माझा चेहरा पाहून घाईने पुढे म्हणाली, "अ नाइस वन."

ओवीला मात्र मी बसून किंवा पडूनच घेत असे. ती रडली की श्रीरंग तिला कडेवर घेऊन हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचा. तो बँकेत गेलेला असला की भाभी चालायच्या. त्या तिला कोकणीत काहीबाही सांगत: कोळंबी कशी सोलायची, खाडीला भरती कधी येते. मी पलंगावरून ऐकत असे. बाळ त्या चालीने शांत होई. माझ्या मांडीवर दिले की पाच मिनिटांत परत कुरकुर. तिला दूध माझे हवे होते आणि चाल दुसऱ्या कुणाची. हे मी तेव्हा कुणाला सांगितले नाही. आता लिहिते आहे, कारण अशा वेळी आईला आपल्याच बाळाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या भल्या बाईचा हेवा वाटू शकतो, आणि तो वाटला म्हणजे ती वाईट आई ठरत नाही.

"मग दुखतं कुठे?"

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला मी एका वेगळ्या डॉक्टरांसमोर बसले होते. पुरुष होते, सौम्य होते, घाईत होते. मी म्हणाले, "बॅक पेन." कंबरेला इंग्रजीत दुसरा शब्द मला सुचला नाही, आणि हाताने दाखवायचे तर तो हात कुठे न्यावा? मी तो पाठीमागे, साडीच्या निऱ्या खोचतो त्या उंचीवर नेला. तिथेही थोडे दुखत होते, अगदीच खोटे नव्हते. त्यांनी पाठीला लावायचे मलम दिले, कॅल्शियम दिले आणि व्यायामांचा एक कागद. त्यातला पहिलाच व्यायाम: उताणे झोपून एकेक पाय सरळ वर उचलणे.

मी तो घरी एकदा करून पाहिला. श्रीरंगला हॉलमध्ये माझा आवाज ऐकू गेला.

तो दारात आला तेव्हा ओवी त्याच्या खांद्यावर झोपलेली होती. तो आवाज न चढवता म्हणाला, "रक्त नॉर्मल, टाके नॉर्मल, सगळे रिपोर्ट चांगले आहेत. मग दुखतं कुठे, अनघा? मला नीट सांग ना एकदा."

"सांगितलं ना. कंबर."

"आईलाही मी तेच सांगतोय फोनवर. ती म्हणते, कंबर घट्ट बांध, डिंकाचे लाडू पाठवते. मी लाडू मागवू का तुला घेऊन कुठे जाऊ, ते तरी कळू दे." मग तो म्हणाला, "का थोडे दिवस नाशिकला जातेस? ओवीला घेऊन. रेवाची शाळा आहे, ती राहील माझ्याजवळ."

त्याने ते थकून म्हटले होते. चांगल्या हेतूने म्हटले होते. तरी मला त्यात एवढेच ऐकू आले की हे घर माझ्यावाचून चालेल असा हिशेब त्याने मनात मांडून पाहिला आहे. त्या रात्री आम्ही दोघे एकमेकांशी फक्त बाळाबद्दल बोललो.

आज मला त्याचा राग येत नाही. बारा वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांचे शरीर ओळखत होतो, पण त्याबद्दल बोलायची भाषा आम्ही कधी तयारच केली नव्हती. जुने पंडिती काव्य शिकवताना मी वर्गात 'जघन' आणि 'श्रोणी' हे शब्द विद्यार्थ्यांची नजर टाळून, पटकन उच्चारून पुढे जात असे. ते नायिकेच्या अंगावरचे अलंकार होते. त्यांच्यातले हाड दुखू शकते हे मला कुणी शिकवले नव्हते, आणि मीही कुणाला शिकवले नाही.

निदानाचा दिवस

नाशिकची तिकिटे पाहण्याआधी आम्ही आणखी एका दवाखान्यात गेलो. तिथे तपासणीच्या टेबलावर चढायला दोन पायऱ्यांचे स्टूल होते. मी त्यावर उभी राहिले आणि डावा पाय टेबलावर घेण्यासाठी सलवारीचे कापड मुठीत धरून तो हाताने उचलला. मला ती आता सवय झाली होती.

तिथली केरळी सिस्टर ते पाहत होती. पन्नाशीच्या आसपासची, चष्मा गळ्यात अडकवलेली. तिने हिंदीत विचारले, "कितने दिन से पाँव ऐसे उठाती हो?"

"डेढ़ महीना. कमर में दर्द है, सिस्टर."

"बोलो मत," ती म्हणाली. तिने पडदा ओढून घेतला, श्रीरंगलाही बाहेर ठेवले. "दिखाओ. एक उँगली से."

एका बोटाने दाखवायचे म्हटल्यावर कंबर उरत नाही. मी डोळे मिटले आणि बोट जिथे न्यायचे होते तिथे नेले. तिने त्या जागी आपली दोन बोटे ठेवली, अलगद दाबले, आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. नंतर तिने मला गुडघे जुळवून घ्यायला सांगितले आणि दोन्ही खुब्यांवर आपले तळवे ठेवून बाहेरून आत दाबले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा दुखणे थांबले. इतके अचानक थांबले, की मला रडू आले.

एक्स-रे उभ्याने काढला. चित्र पडद्यावर आले तेव्हा डॉक्टरांनी काही म्हणायच्या आधी मला दिसले. दोन पांढऱ्या कमानी मध्यावर भेटायला येत होत्या आणि भेटत नव्हत्या. त्यांच्यामध्ये काळी फट होती, माझ्या करंगळीच्या पेराएवढी. सिस्टर फोनवर कुणाला तरी अरबीत माहिती देत होती आणि तिच्या बोलण्यात तो शब्द पुन्हा आला.

"हौद?" मी विचारले. "पण मी तर रोज बसत होते टबात."

सिस्टरने रिसीव्हरवर हात ठेवला. "टब? कौन सा टब?"

मी तिला सांगितले. ती आधी हसली, मग हसणे आवरून तिने मान हलवली. अरबीत हौद म्हणजे टब, टाकी, बेसिन हे सगळे खरेच. आणि हौद म्हणजे हेही. तिने आपल्या दोन्ही हातांची ओंजळ करून ती स्वतःच्या पोटाखाली धरली. बाळ ज्यात असते ते, हाडांचे. पहिल्या डॉक्टर बहुधा म्हणत होत्या, हौद दुखतो आहे, दोन दिवसांत कमी झाले नाही तर त्याचा फोटो काढा.

मी त्या ओंजळीकडे पाहत राहिले. हा शब्द मला शिकावा लागला नाही. तो अरबीतून, फार्सीच्या वाटेने, कधीचा मराठीत येऊन माझ्या माहेरच्या परसात बसला होता: सिमेंटचा, आतून शेवाळलेला, भर उन्हाळ्यात गार. आई कपडे धुताना त्याच्या काठावर चढू नका म्हणून ओरडत असे. सभ्य मराठीने ज्या जागेला नाव दिले नव्हते, तिचे नाव मला दुसऱ्या भाषेतून मिळाले आणि ते घरचेच निघाले. घरी जाताना गाडीत मी श्रीरंगला म्हणाले, "माझा हौद तडकलाय." त्याने गाडी बाजूला वाळूत घेतली, इंजिन चालूच ठेवले, आणि माझा हात धरला. मग म्हणाला, "एवढं आधी का नाही सांगितलंस?" मी म्हणाले, "शब्द नव्हता."

पाच दिवस

फट भरून येण्यासाठी पहिले पाच दिवस मला इस्पितळात आडवे राहायचे होते. खुब्यांभोवती रुंद पट्टा आवळून. तो कंबरेला बांधायचा नसतो, हे आवर्जून लिहिते. कंबरेला बांधला तर उपयोग होत नाही. मांडीचे हाड बाहेरून जिथे हाताला लागते, त्या उंचीवर तो यावा लागतो. मला पहिल्याच दिवशी नव्या परिचारिकेने तो कंबरेला बांधला आणि मी तिला थांबवून म्हणाले, "नो. हौद." ती चकित झाली. मलाही मजा वाटली.

ओवी घरी होती. श्रीरंग दिवसातून दोनदा माझे दूध बाटलीतून घेऊन जाई. सकाळी पाचला तापमान, सहाला चहाची गाडी, त्यावर त्रिकोणी चीज आणि पांढरा पाव. दुपारी मसुरीचे पिवळे सार, त्यात लिंबाची फोड. माझ्या शेजारच्या खाटेवर वाळवंटाकडच्या जहऱ्याहून आलेली एक म्हातारी होती, खुब्याचे हाड मोडलेली. तिच्या हनुवटीवर गोंदण होते आणि उशाशी थर्मास. आम्हा दोघींची एकही भाषा समान नव्हती. ती रोज सकाळी माझ्याकडे मान वळवून विचारी, "मशेती?" चाललीस का? मी म्हणे, "ला." नाही. मग ती स्वतःकडे बोट करून म्हणे, "ला," आणि थर्मासातला वेलदोड्याचा चहा मला पाठवी. इतके बरोबरीचे दुःख मला आजवर कुणी दिले नव्हते.

मला घरी सोडताना अस्थिरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले. तीन महिने पट्टा आणि वॉकर. मग पुन्हा उभ्याने एक्स-रे. फट मिटत आली आणि दोन्ही बाजू एका पातळीत राहिल्या, तर ठीक. नाही तर धातूची पट्टी आणि स्क्रू घालून त्या जोडाव्या लागतील. तोपर्यंत बाळाला बसूनच घ्यायचे. उभ्याने उचलायचे नाही, आणि कडेवर तर मुळीच नाही.

"ते सर्वांत शेवटी," ते म्हणाले. "एका बाजूचे वजन हे शेवटचे."

बंध

भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, करणाऱ्या हनान नावाच्या इजिप्शियन बाई मला आठवड्यातून दोनदा भेटत. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची श्रोणी होती, म्हणजे हाच हाडांचा हौद, पिवळसर, हाताळून गुळगुळीत झालेली. पहिल्या दिवशी त्यांनी ती माझ्या हातात दिली. "धर, हबीबती. हे तू आहेस."

मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी त्यांनी मला मी कशी आहे ते सांगितले. दोन बाजूंना दोन रुंद हाडे, पंख पसरल्यासारखी. मागे त्यांच्यामध्ये पाचरीसारखे बसलेले त्रिकोणी हाड, ज्यावर पाठीचा कणा उभा असतो. त्याच्या टोकाशी माकडहाड. पुढे दोन्ही पंख भेटतात, पण हाड हाडाला टेकत नाही. मध्ये कूर्चेची गादी असते. मिळून एक कडे, गोल बांगडीसारखे. आणि हे कडे हाडांनी जोडलेले नसते, बंधांनी जोडलेले असते. मागच्या सांध्यांवरून आडवेतिडवे गेलेले बंध साऱ्या शरीरातल्या सर्वांत चिवट बंधांत मोडतात. हनानबाईंनी प्लास्टिकवर रबरी पट्ट्या ताणून ते दाखवले.

"मग माझे सुटले कसे?"

"सुटायलाच हवेत, थोडे. गरोदरपणात शरीर त्यांना सांगतं, सैल व्हा, कुणीतरी येतंय." त्यांनी पुढचा सांधा बोटांनी किंचित उघडला. "तुझे जरा जास्त पाहुणचार करून बसले."

त्यांनी पुढची फट रुंद केली तेव्हा मागचा डावा सांधाही वाकडा झाला. कडे एका जागी उघडले की ताण दुसरीकडे जाणारच. माझी कंबर दुखत होती ती खोटी नव्हती, हे मला तेव्हा उमगले. ती फक्त साक्षीदार होती, आणि सगळे सहा आठवडे साक्षीदारालाच तपासत बसले होते.

मी त्या पंखाच्या वरच्या काठावरून बोट फिरवत होते. जाडसर, वळणदार, बाहेर झुकलेला काठ. हनानबाई म्हणाल्या, "इथे आमच्याकडे बायका मूल ठेवतात."

"आमच्याकडेही," मी म्हणाले. "त्याला कड म्हणतात."

सांगायचे एवढेच, की आपल्या भाषेला हे हाड अगदीच अनोळखी नव्हते. मूल त्यावर बसले की ती त्याचे नाव घेत होती. रिकामे असले की गप्प बसत होती.

फरीदाभाभी

टबाची गोष्ट भाभींना मी सांगितली, आणि ती नीट सांगितली नाही. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ओवी त्यांच्या खांद्यावर होती, शांत, डोळे मिटलेली. मी वॉकरला धरून उभी होते. मी म्हणाले, "भाभी, डॉक्टर टब म्हणाल्याच नव्हत्या. हौद म्हणजे हे हाड. त्या टबामुळेच वाढलं सगळं."

त्यांनी ओवीला पाळण्यात ठेवले, तिच्या अंगावर दुपटे सरळ केले आणि गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत. समोरचे दार उघडल्याचा आवाज येई, चपला वाजत, लिफ्टकडे जात.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा हातात तांदळाच्या भाकऱ्या होत्या. पलंगाच्या कडेला बसल्या. "तीस वरसा झाली मना हितं," त्या म्हणाल्या. "भाजीची अरबी येते. भाड्याची येते, बताक्याची येते. बाईच्या आंगाची अरबी मना कोन शिकवनार व्हता गो? माझी चार बाळंतपनं हितंच झाली. आंगाचं काय इचारायचं असलं तर आमचे हे पडद्याभायेर उभे. मी मान हलवायची, बस."

मी त्यांचा हात धरला. तो मऊ होता, पिठाने कोरडा पडलेला. "मलाही कुणी मराठी शिकवली नाही, भाभी. अंगाची."

"मंग तू मास्तरीण कसली?" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो, मी पोट धरून, कारण हसतानाही दुखत होते.

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी केलेली एक गोष्ट सांगते. कुणाच्या उपयोगी पडेल. कूस बदलताना अंग चादरीला अडते आणि सांधा पिरगळतो. भाभींनी आपली एक जुनी रेशमी ओढणी माझ्या खाली अंथरली. गुडघे जुळवून, मध्ये उशी घट्ट धरून, त्या रेशमावरून मी एका अंगावरून दुसऱ्यावर विनासायास घसरू लागले. कारमध्ये बसतानाही आसनावर प्लास्टिकची पिशवी ठेवायची, आधी बसायचे, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. जिन्यावर एका पायरीवर दोन्ही पाय. सलवार बसूनच. जगणे असे लहान लहान युक्त्यांत विभागले गेले, आणि त्या प्रत्येक युक्तीत पाय जुळलेले होते.

दुसरा एक्स-रे

तीन महिन्यांनी, धुळीचे वादळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही पुन्हा त्या पडद्यासमोर उभे होतो. शहरावर सगळीकडे पिठीसारखी धूळ होती. माझ्या जिभेवरही तिची चव होती. एक्स-रे आधी दोन्ही पायांवर उभ्याने, मग डाव्यावर, मग उजव्यावर. एका पायावर उभे राहायला सांगितले तेव्हा श्रीरंगने काचेपलीकडून स्वतःचाही एक पाय उचलला. त्याला ते ठाऊक नव्हते. नाशिकचा विषय त्याने त्या गाडीतल्या दिवसानंतर पुन्हा काढला नव्हता.

फट पूर्ण मिटली नव्हती. ती आता करंगळीच्या नखाहूनही लहान होती. पण दोन्ही बाजू, पाय कोणताही असो, एका रेषेत थांबत होत्या. डॉक्टर म्हणाले, "शस्त्रक्रिया नको." मग सवयीने पुढे म्हणाले, "पण घाई करू नका."

घाई आम्ही केली नाही. वॉकर गेला, काठी आली, काठी गेली. ओवी पालथी पडू लागली, मग सरपटू लागली, मग सोफ्याला धरून उभी राहू लागली. मी माझ्या व्यायामांत एकेक पायरी चढत होते आणि ती तिच्या. आधी मी उशीला मिठी मारून चालले, मग तांदळाच्या पिशवीला, दोन्ही हातांनी, अगदी छातीच्या मध्यावर धरून. हनानबाई पाठीमागून चालत आणि माझ्या खुब्यांकडे पाहत. फेब्रुवारीत, बाहेर थंड वारा आणि खिडकीत कोवळे ऊन असताना, त्या म्हणाल्या, "आता बाळ. समोर नाही. कडेवर."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, सुट्टी. श्रीरंग घरी होता, रेवा हॉलमधल्या गालिच्यावर चित्र काढत होती. ओवी पलंगाला धरून उभी होती. मी आधी गुडघ्यांवर बसले, तिला जवळ घेतले, दोन्ही पाय सारखे टेकवून उठले आणि तिला डाव्या कडेवर बसवले. ती तिथे नीट बसली. मला वाटले होते तशी हलकी नव्हती. माझ्या मनात ती अजून तीन किलोंची होती. तिच्या केसांना झोपेचा, दुधाचा वास होता. तिचा एक हात माझ्या खांद्यावर आला, काही न शोधता, जणू तो नेहमीच तिथे येत होता.

मी चालले. शयनगृहाच्या दारातून हॉलमध्ये, सोफ्याच्या कडेने. श्रीरंग माझ्या बाजूने हात पुढे करून, शरीराला न लावता, बरोबरीने सरकत होता. रेवाने पेन्सिल खाली ठेवली होती. पुढे काही ओढले गेले नाही. मागे काही टोचले नाही. मी पावले मोजली नाहीत. मोजायचे ठरवले होते, पण राहून गेले.

बाल्कनीच्या काचेपाशी पोचेपर्यंत ओवी चुळबुळू लागली. तिने माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि खाली गालिच्यावरच्या रंगीत कागदांकडे पाहिले. मग दोन्ही पाय माझ्या ओटीपोटावर, नेमके तिथे, रोवून तिने अंग मागे ताणले. तिला खाली उतरायचे होते. तिला चालायचे होते, ताईकडे, स्वतःच्या पायांनी.

श्रीरंग घाईने म्हणाला, "दे, मी घेतो."

"थांब," मी म्हणाले.

तिने पुन्हा लाथाडले, जोरात. सांधा धरून राहिला. मग मी दोन्ही पाय सारखे टेकवले, गुडघ्यांत वाकले, आणि तिला मीच खाली ठेवले.